पाडण्याआधीचा फोटो कुणाच्या फायलीतला? मानखुर्दची जनता कॉलनी, १९७६

शहराच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की बहुतेकांना पहिला मोह जुन्या फोटोंचा होतो. त्यातही जी इमारत, जी गल्ली, जी वस्ती आता उरलीच नाही तिचा फोटो हातात आला की वाटतं, चला, पुरावा मिळाला. सिनॉप्सिसमध्ये आपण लिहून टाकतो : ‘दृश्य साधनांचा वापर केला जाईल.’ व्हायव्हात मग कुणीतरी विचारतं, वापर म्हणजे नक्की काय करणार? तिथे गाडी अडते.

या लेखात त्या प्रश्नाचं एक उत्तर देतो. पाडायचं आधीच ठरलेल्या घरांचे फोटो हा इतिहासातला एक वेगळा प्रकार आहे. तो वाचायचा तर फोटोत काय दिसतं याच्या आधी तो कुणाच्या फायलीत लावला होता हे शोधावं लागतं. उदाहरण मानखुर्दचं घेतोय. तिथे सरकारने पाडण्याच्या वर्षी फोटो काढले, पण घरांचे नाही, माणसांचे.

आधी ही रीत कुठून आली ते बघू

१८६२ मध्ये पॅरिस शहराने शार्ल मारव्हिल या छायाचित्रकाराला अधिकृतपणे कामावर घेतलं. ओस्मानच्या नव्या रुंद रस्त्यांसाठी जुन्या गल्ल्या पाडायच्या होत्या. त्या पाडण्याआधी टिपून ठेवणं हे मारव्हिलचं काम. त्याने सुमारे ४२५ फोटो काढले. आज ते बघताना हळहळ वाटते, पण काढले तेव्हा ते पाडणाऱ्या यंत्रणेचंच कागदपत्र होतं. नवा रस्ता किती गरजेचा आहे हे दाखवायला जुनी गल्ली अरुंद आणि ओलसर दिसलेली बरीच असते.

ग्लासगोमध्ये थोड्याच वर्षांनी तेच झालं. तिथल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसाठी टॉमस ॲनन याने १८६८ ते १८७१ या काळात जुन्या बोळांचे फोटो काढले. ट्रस्टला ते बोळ पाडायचे होते.

‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे नाव मुंबईकरांना ओळखीचं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ च्या कायद्याने आपल्याकडेही तसाच ट्रस्ट स्थापन झाला. मधल्या काळात, १८९७ मध्ये, प्लेग समितीचं नेतृत्व ब्रिगेडियर जनरल गॅटेकर या लष्करी अधिकाऱ्याकडे दिलं गेलं. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. समितीच्या कामाचे फोटोही काढले गेले. त्यांतले बरेच कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर आहेत आणि आज लंडनच्या वेलकम संग्रहात बघायला मिळतात. घरं धुणारे कामगार, तपासणी पथकं, इस्पितळाच्या खाटा असं सगळं त्यांत आहे. कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. तो पथकाच्या बाजूला आहे. घरातून बाहेर बघणाऱ्या माणसाला पथक कसं दिसलं असेल, ती बाजू या संग्रहात नाही.

तीन शहरं झाली आणि तिन्हीकडे फोटो काढून घेणारा तोच होता ज्याला पाडायचं होतं. हा काही योगायोग नाही. जागा ताब्यात घेणं, नुकसानभरपाई ठरवणं, नंतर प्रश्न आले तर उत्तर देणं या सगळ्यासाठी कागद लागतो. फोटो हा त्यातलाच एक कागद.

युद्ध असलं की काय बदलतं?

युद्धकाळात दोन उलट गोष्टी घडतात. पहिली वाचवण्याची. १९४१ मध्ये, जर्मन बॉम्बहल्ले चालू असताना, ब्रिटनमध्ये ‘नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड’ ही संस्था उभी राहिली. काम साधं होतं : इमारत उद्या असेल की नाही याची खात्री नाही, म्हणून आज फोटो आणि रेखाटनं करून ठेवा. अर्थात इथेही निवड होतीच. चर्चं आणि नामांकित वास्तूंना आधी मान मिळाला, साध्या चाळींना कमी.

दुसरी गोष्ट उलटी. युद्धाच्या नावाखाली पाडकाम सोपं होतं. जानेवारी १९४३ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात जुन्या बंदराशेजारचा भाग जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने रिकामा करून घेतला. वीस हजारांहून अधिक लोकांना घराबाहेर काढलं आणि फेब्रुवारीत सुमारे १५०० इमारती सुरुंग लावून पाडल्या. त्या मोहिमेचे पुष्कळ फोटो आहेत. त्यांतले बरेचसे जर्मन लष्कराच्या प्रचार विभागाच्या छायाचित्रकाराने काढले. बोचकी घेऊन चाललेली माणसं, रांगा, शेजारी पोलीस. काम शिस्तीत चाललंय हे दाखवणं हा हेतू. पण २०१९ मध्ये फ्रान्समध्ये याच घटनेची मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून चौकशी सुरू झाली. एका हेतूने काढलेला फोटो पुढे भलत्याच हेतूला उपयोगी पडू शकतो, हे इथे लक्षात ठेवा. मानखुर्दला नेमकं हेच झालं.

आता भारत. १९७६ मध्ये आपण कुणाशी युद्ध करत नव्हतो. पण कायद्याच्या कागदावर युद्ध संपलेलं नव्हतं! पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं त्या दिवशी, ३ डिसेंबर १९७१ ला, बाह्य आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी जाहीर झाली. युद्ध पंधरवड्यात संपलं, ती आणीबाणी मात्र मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. २५ जून १९७५ ची अंतर्गत आणीबाणी तिच्यावर चढवलेला दुसरा मजला होता. १९७१ चा भारत संरक्षण कायदाही १९७५ मध्ये नाव बदलून ‘भारत संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा कायदा’ झाला. म्हणजे परक्या सैन्यासाठी केलेला कायदा घरातल्या माणसांवर लागू झाला. याच कायद्याखालच्या नियमांनी वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसवली. बातमी आणि फोटो छापण्याआधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाणं भाग होतं.

आणीबाणीतल्या पाडकामाला युद्धकालीन म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण युद्धकाळातली हत्यारं वापरून केलेलं पाडकाम म्हणायला मला अडचण दिसत नाही.

मानखुर्द : वस्ती आणि तिचे शेजारी

आजच्या विद्यार्थ्याला मानखुर्द म्हणजे हार्बर लाईनवरचं, वाशीच्या खाडीपुलाच्या अलीकडचं स्टेशन. पण १९९२ मध्ये गाडी वाशीला जायला लागली, त्याआधी मानखुर्द हे शेवटचं स्टेशन होतं. शहराला जे नकोसं वाटतं ते शेवटच्या स्टेशनापलीकडे टाकायची आपली जुनी सवय आहे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. पुढे कत्तलखाना आला. आणि माणसंही आली.

जनता कॉलनी ही रातोरात उगवलेली झोपडपट्टी नव्हती. शहराच्या आतल्या भागातून हटवलेल्या लोकांना महापालिकेनेच मानखुर्दला आणून बसवलं, त्यातून ही वस्ती उभी राहिली. म्हणजे १९७६ चं विस्थापन अनेक कुटुंबांसाठी दुसरं होतं. लोक अनेक भाषांचे होते, त्यात तमिळ भाषक बरेच. १९६३ मध्ये मुंबईत आलेले आणि सुतारकाम करणारे जॉकिन अर्पुथम हे याच वस्तीत राहत. साठच्या दशकात त्यांनी वस्तीतल्या पोरांना गोळा केलं, साठलेला कचरा पुड्यांत बांधायला लावला आणि तो नेऊन पालिकेच्या कार्यालयासमोर टाकला. त्यानंतर सफाईचा प्रश्न पालिकेला टाळता येईना. संशोधकाच्या दृष्टीने या गमतीदार प्रसंगाचा अर्थ असा, की ही वस्ती सरकारदरबारी अदृश्य नव्हती. तिने पत्रं लिहिली, मोर्चे काढले, कोर्टात गेली. अशा वस्तीचा माग कागदात राहतो.

शेजारी मात्र तगडा होता. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५४ मध्ये अणुऊर्जा केंद्राची स्थापना झाली. १९५६ मध्ये तिथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. १९६७ मध्ये केंद्राला भाभांचं नाव मिळालं. कर्मचाऱ्यांसाठी अणुशक्तीनगर वसलं, जनता कॉलनीला लागून. अणुऊर्जा विभागाला वस्तीची जागा हवी होती. वस्तीने काही वर्षं रस्त्यावर, कोर्टात आणि दिल्लीपर्यंत जाऊन ती अडवून धरली. १८ मे १९७४ ला पोखरणचा अणुस्फोट झाला. त्यानंतर या केंद्राच्या कुंपणाशेजारी कोण राहतं हा प्रश्न नुसता जागेचा राहणं अवघडच होतं.

१३४ दिवस

आता तारखा ओळीने लावू. इतिहासात कधीकधी नुसत्या तारखा ओळीने लावल्या तरी निम्मं काम होतं.

नोव्हेंबर १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात मोकळ्या जागांवरच्या अनधिकृत ताब्याविरुद्धचा कायदा आला. त्यात झटपट निष्कासनाची तरतूद होती.

४ जानेवारी १९७६, रविवार. मुंबईभर झोपड्यांची एकाच दिवशी गणना झाली. रविवार म्हणजे माणसं घरी सापडणार. साधारण १६८० वस्त्या आणि २८ लाख माणसं मोजली गेली. या गणनेच्या आधारे ‘फोटोपास’ दिले गेले. पासावर कुटुंबप्रमुखाचा फोटो, झोपडीचा क्रमांक आणि राहणाऱ्यांचा तपशील.

१९ एप्रिल १९७६. दिल्लीत तुर्कमान गेटला पाडकाम आणि गोळीबार.

२८ एप्रिल १९७६. सर्वोच्च न्यायालयाचा एडीएम जबलपूर खटल्यातला निकाल. कलम २१ चा आधार घेऊन कोर्टात जाण्याचा हक्क २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने थांबवला होताच. त्यावर न्यायालयाने बहुमताने शिक्कामोर्तब केलं.

१७ मे १९७६, सोमवार. मोठ्या पोलीस बंदोबस्तात जनता कॉलनी हटवायला सुरुवात झाली. वस्तीतल्या माणसांचा आकडा साधारण ७० हजार सांगितला जातो. त्यांना ट्रॉम्बेच्याच चीता कॅम्पमध्ये छोटे प्लॉट देण्यात आले.

गणनेपासून पाडकामापर्यंत १३४ दिवस. जबलपूरच्या निकालापासून १९. पोखरणला दोन वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस कमी.

आता पॅरिस, ग्लासगो आठवा. तिथे पाडण्याआधी गल्लीचा फोटो काढला गेला. इथे सरकारने शहरभरात झोपडपट्टीतल्या माणसांचे चेहरे फोटोत घेतले. भिंत, दार, मोरी, ओटा, नळावरची रांग यांतलं काहीच त्या चौकोनात नाही. पाठीमागे घर दिसणार नाही अशीच पासपोर्ट फोटोची रचना असते. त्यात एक सरळ सरकारी तर्क आहे. मारव्हिलच्या मालकाला जागेची नोंद हवी होती, कारण तिथे घरमालक होते आणि जागेला किंमत होती. झोपडीच्या बाबतीत सरकार घराला घर मानतच नव्हतं. म्हणून नोंद घराची न होता माणसाची झाली. माणूस एकदा क्रमांकाला चिकटवला की घर कुठेही हलवता येतं.

मग तो कागद उलटला

इथपर्यंत गोष्ट फक्त सरकारी नियंत्रणाची वाटेल. पण पुढचं बघा.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना शहराबाहेर काढायची घोषणा केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या नावाने आपण ते नेटच्या अभ्यासात वाचतो. १० जुलै १९८५ च्या निकालात उपजीविकेचा हक्क हा कलम २१ चा भाग मानला गेला. हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण निकालाचा शेवटचा भाग फारसा वाचला जात नाही. तिथे न्यायालय म्हणतं, की १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली त्यांना हटवल्यावर मालवणीत किंवा सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी. मात्र पर्यायी जागा आधी दिल्याशिवाय हटवता येणार नाही, अशी अट न्यायालयाने घातली नाही.

म्हणजे आणीबाणीत, मोजून ताब्यात ठेवण्यासाठी काढलेली नोंद नऊ वर्षांनी लोकांच्या बाजूचा पुरावा झाली. आणखी एक गोष्ट. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे १९७६ च्या जबलपूर खटल्यात बहुमताच्या बाजूचे होते. तेच न्यायाधीश, तेच कलम २१, मधे नऊ वर्षं.

इथून मुंबईच्या गरिबांच्या घराचा इतिहास हा ‘कट-ऑफ’ तारखांचा इतिहास होत गेला. १९७६, मग १९८०, १९८५, १९९५, २०००. घर खरं की खोटं हे भिंतीवरून ठरत नाही. त्या तारखेआधीचा कागद तुमच्याकडे आहे का, यावरून ठरतं. म्हणून फोटोपास प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, असा जपला जातो. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तर आधी ती पिशवी वर ठेवायची.

लोकांनी ही युक्ती स्वतःही उचलली. अर्पुथम यांनी सत्तरच्या दशकात नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन उभारलं. १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्यांची पाहणी ‘वी, द इन्व्हिजिबल’ या नावाने प्रसिद्ध केली. पुढे फेडरेशन, स्पार्क आणि महिला मिलन यांच्या कामात घरांना क्रमांक देणं, नकाशा काढणं, कुटुंबाची नोंद आणि फोटो ठेवणं ही पद्धतच झाली. गणना तीच, पण वही आपल्या हातात. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात कॅमेरा पथकाच्या बाजूने हलून तुटणाऱ्या झोपडीच्या बाजूला आलेला दिसतो. मॉसच्या फोटोंशेजारी तो ठेवून बघा.

मानखुर्दचं काय झालं? शहर माणसं तिकडे पाठवतच राहिलं. रेल्वेमार्गालगतच्या वस्त्या हटवल्या तेव्हा बरीच कुटुंबं लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आली. २००४ च्या हिवाळ्यात मंडाळाची घरं पाडली गेली. आता पुनर्वसनाचं सर्वेक्षण बायोमेट्रिक झालंय. फोटोच्या जोडीला अंगठा आला.

तुम्ही संशोधन करणार असाल तर

पहिलं : प्रत्येक फोटोच्या तीन तारखा लिहा. फोटो काढल्याची, पाडण्याचा निर्णय झाल्याची आणि प्रत्यक्ष पाडल्याची. निर्णयाआधीचा फोटो आणि निर्णयानंतरचा फोटो हे दोन वेगळे पुरावे आहेत. निर्णयानंतरचा फोटो बहुतेक वेळा निर्णयाची बाजू घेऊन उभा असतो.

दुसरं : फोटो ज्या फायलीत होता ती फाईल शोधा. वेलकमच्या संकेतस्थळावरून सुटा फोटो उतरवून घेतला की त्याची समिती, त्याचा अहवाल, त्याचा क्रम सुटतो. अहवालात तो कितव्या पानावर, कुठल्या वाक्याशेजारी आहे हेच तर वाचायचं असतं. मुंबईत काम करणाऱ्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, विधिमंडळातल्या चर्चा आणि कोर्टाची कागदपत्रं यांना पर्याय समजू नये. फोटो तिथूनच उलगडतो.

तिसरं : इमारतीचा फोटो नसेल तर फोटोंच्या कडा बघा. लग्नाचा, बारशाचा, गणपतीचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो घ्या. माणसांच्या मागे दाराची चौकट, पत्र्याचा उतार, भिंतीचा रंग, गल्लीची रुंदी असते. सरकारने चेहरा घेऊन घर सोडलं. घरच्या अल्बममध्ये चेहऱ्यामागे घर आपोआप आलेलं असतं. चीता कॅम्पसारख्या ठिकाणी काम करायचं तर ‘जुन्या घराचा फोटो आहे का?’ असं विचारू नका, उत्तर बहुधा नाही असंच येईल. ‘लग्नाचा फोटो आहे का, मावशी?’ असं विचारा.

चौथं, आणि याला मी सगळ्यात वरचा मान देईन : फोटोपास हा कुणाचा तरी आजही चालू असलेला हक्क आहे. मोबाईलवर फोटो काढून प्रबंधाच्या परिशिष्टात लावायची ही वस्तू नाही. नाव, क्रमांक, चेहरा झाकल्याशिवाय छापू नका, आणि परवानगी मागताना तो कुठे छापला जाईल ते मराठीत, हिंदीत किंवा तमिळमध्ये, समोरच्याला कळेल असं सांगा. पिशवीतून कागद बाहेर काढून देणारी बाई तुम्हाला काय सोपवतेय हे तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत असतं. बघून झाला की तिच्यासमोरच परत पिशवीत ठेवा.

तुर्कमान गेटचा अभ्यास करणाऱ्याला शाह आयोगाचा अहवाल हाताशी असतो. आयोग मे १९७७ मध्ये नेमला गेला आणि दिल्लीतल्या पाडकामांची त्याने सविस्तर चौकशी केली. मानखुर्दचा अभ्यास तुकड्यातुकड्यांतून उभा करावा लागतो : इथे निकालाचं एक पान, तिथे एका पासावरचा क्रमांक, कुठे लग्नाच्या फोटोतली भिंत. जनता कॉलनीत वाढलेली मुलं आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत. विषय निवडायला अजून वर्ष आहे असं वाटत असेल, तर हे गणित आधी करा.